पायथ्याशी थांबलेला निरीक्षक



विज्ञान लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांच्या या संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान दिलात, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. संमेलन लोणावळ्याजवळच्या भुशीला भरवलेत, हे तर फारच चांगले केलेत. बोरघाट चढताना आपल्यापैकी अनेकांच्या कानांना दडे बसले असतील, पिशवीतले वेफर्सचे पाकीट टम्म फुगले असेल. समुद्रसपाटीला पारा ७६ सेंटिमीटरवर असेल, तर सव्वासहाशे मीटर उंचीवरच्या या परिसरात तो साधारण साडेसत्तरवर येतो. तेवढी हवा आपण खाली कोकणात ठेवून आलो आहोत.

हवेला वजन असते, हे १६४३ मध्ये इटलीत टोरिचेलीच्या प्रयोगाने दिसले. पंपाने पाणी दहा मीटरच्या वर का ओढले जात नाही, हे कोडे होते. पाण्याच्या तेरा-चौदापट जड असलेला पारा नळीत ७६ सेंटिमीटरवरच थांबला आणि कोडे सुटले. वर ओढणारे कोणी नव्हतेच. बाहेरची हवा खालून रेटत होती. मग पास्कलने विचारले, उंचावर हवा कमी, तर पाराही उतरायला हवा ना? १९ सप्टेंबर १६४८ रोजी त्याचा मेहुणा फ्लोरँ पेरिए फ्रान्समधल्या प्वी द दोम या डोंगरावर नळी घेऊन चढला. माथ्यावर पारा आठ सेंटिमीटरहून अधिक उतरला.

ही गोष्ट आपण मराठीत अनेकदा लिहिली. पण तिच्यातला एक माणूस आपण बहुधा गाळतो. पेरिएने दुसरी नळी पायथ्याच्या मठात ठेवली होती आणि तिथल्या एका साधूला दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितले होते. खालचा पारा जागचा हलला नाही, म्हणून वरचा पारा उंचीमुळेच उतरला असे म्हणता आले. माझ्या आजच्या भाषणाचा नायक हा खाली थांबलेला माणूस आहे.

त्याची गरज दख्खनमध्ये अधिकच भासते. मुंबई सरकारच्या सेवेतील विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने इथल्या हवेच्या दाबाच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या आणि १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्या मांडल्या. त्या नोंदींतून दिसते, की इथे दाबालाही भरती-ओहोटी असते. सकाळी नऊ-दहाला तो चढतो, दुपारी तीन-चारला उतरतो, रात्री पुन्हा चढतो, पहाटे पुन्हा उतरतो. कोरड्या दिवसांत हा फरक, दाबाच्या आजच्या एककात, तीन-चार हेक्टोपास्कलचा असतो. म्हणजे सकाळी खोपोलीत आणि दुपारी भुशीत दाब मोजून कोणी घाटाची उंची काढली, तर ती पंचवीस-तीस मीटरने चुकेल. खाली कोणी बसलेले असेल, तर चुकणार नाही.

असे बसणारे आपल्यातही होते. कुलाब्याच्या वेधशाळेत नागावचे केरो लक्ष्मण छत्रे किशोरवयातच प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली रुजू झाले आणि सुमारे दहा वर्षे तिथे राहिले. पुढे गणिती आणि ज्योतिषी म्हणून त्यांचा मोठा लौकिक झाला. त्यांची घडण वेळच्या वेळी वेध घेण्याच्या या शिस्तीत झाली होती. लोणावळ्यात १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी तर मोजण्याची हीच शिस्त योगालाही लावली आणि त्याला पाऱ्याच्या दाबमापकासमोर उभे केले. नौली या योगक्रियेच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवले आणि त्या निर्वाताला आपले गुरू माधवदास यांचे नाव दिले. परंपरेविषयी आदर होता, म्हणूनच तिला मापे लावावीशी वाटली.

आपले विज्ञानलेखन मात्र अजून शिखरावर पोहोचलेल्यांचेच पोवाडे गाते. शोध लागला तो क्षण आपण रंगवतो. त्याआधीची रोजची नोंदवही आपल्याला नीरस वाटते. कमी दाबाचा पट्टा तयार झाला, असे पावसाळ्यात रोज वाचतो. तो पट्टा नकाशावर उमटतो, कारण शेकडो ठिकाणी कोणी माणूस किंवा यंत्र ठरल्या वेळी एकच आकडा टिपत असते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन मावळापर्यंत धडकले. ते येणार हे आधी कळले, त्यामागे उपग्रह होते, तशाच अशा नोंदीही होत्या.

म्हणून एक सूचना मांडतो. आज अनेक मोबाइलमध्ये दाबमापक असतो आणि तो एका मजल्याचा फरकही ओळखतो. खोपोलीची एक शाळा आणि भुशी-लोणावळ्याची एक शाळा, दोघींनी रोज सकाळी दहा आणि दुपारी चार वाजता दाब लिहावा. दोन्ही आकड्यांत सुमारे साठ हेक्टोपास्कलचा फरक येईल आणि घाटाची उंची मुले स्वतः काढतील. आधी दोन्ही मोबाइल एकाच टेबलावर ठेवून त्यांच्यातला फरक तेवढा पाहून घ्यावा. वर्षाअखेरीस त्या वहीवर मुलांनीच मराठीत लेख लिहावा, आणि पुढच्या संमेलनात पहिले सत्र त्यांचे असावे. खर्च जवळजवळ नाही. लागेल ती फक्त वर्षभराची चिकाटी. ती दाखवणाऱ्या दोन शिक्षकांची नावे हे सभागृह सोडण्यापूर्वी माझ्याकडे द्यावीत, एवढी विनंती करतो आणि थांबतो.