जीवनसत्त्वाचा मुखवटा



घरातील एखाद्या व्यक्तीला कर्करोग झाल्याचे कळते आणि त्या दिवसापासून त्या घरात सल्ल्यांची रीघ लागते. बहुतेक सल्ले आपुलकीपोटी दिलेले असतात. 'जर्दाळूच्या कडू बियांचा गर द्या, त्यात बी-१७ जीवनसत्त्व असते' हा त्यांपैकीच एक. आपुलकीला दोष नाही. परंतु तिला विवेकाची जोड हवी.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. कॅसिमिर फुंक यांनी १९१२ साली 'व्हिटॅमिन' ही संज्ञा रूढ केली. ज्या पदार्थाच्या अभावी शरीराला विशिष्ट विकार जडतो आणि जो मिळताच तो विकार हटतो, ते जीवनसत्त्व. 'अ' कमी पडल्यास रातांधळेपणा, 'ड' कमी पडल्यास मुडदूस. 'बी-१७'च्या अभावी कोणता रोग होतो? कोणताही नाही. शास्त्रमान्य तेरा जीवनसत्त्वांत त्याचे नाव नाही.

मग ते आले कोठून? जर्दाळूच्या बीमधील अमिग्डालिन हे द्रव्य फ्रान्समध्ये १८३० साली वेगळे करण्यात आले. विसाव्या शतकात अमेरिकेतील अर्न्स्ट क्रेब्ज यांनी त्याच्याशी साधर्म्य असलेले 'लेट्राइल' कर्करोगावरील उपाय म्हणून पुढे आणले आणि नंतर त्यालाच 'जीवनसत्त्व' म्हटले. औषध म्हटले की गुणाचा पुरावा द्यावा लागतो. जीवनसत्त्व म्हटले की ग्राहक निःशंक होतो. नावातील या बदलाचे मर्म येथे आहे.

लेट्राइलची रीतसर परीक्षाही झाली. १९८२ साली अमेरिकेत १७८ कर्करुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रोग बरा झाला नाही, आटोक्यात आला नाही, आयुष्यही वाढले नाही. उलट काही रुग्णांच्या रक्तात सायनाइडचे प्रमाण धोकादायक पातळीजवळ पोहोचले. कारण उघड आहे : अमिग्डालिनचे विघटन होताना सायनाइड सुटते, आणि ते तोंडावाटे घेतल्यास आतड्यातील जिवाणू या क्रियेला हातभार लावतात. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ साली इशारा दिला, की लहान आकाराच्या तीनहून अधिक कच्च्या बिया प्रौढांसाठीही सुरक्षित मर्यादा ओलांडतात.

येथे कोणी म्हणेल, हा पाश्चात्त्य वैद्यकाचा नैसर्गिक उपचारांविषयीचा आकस आहे. तसे नाही. हे खूळ पाश्चात्त्यांचेच, आणि त्याचे परीक्षणही त्यांनीच केले. आपल्या परंपरेचा दाखला घ्यायचा, तर चरकाचार्यांनी आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशी चतुर्विध परीक्षा सांगितली आहे. परीक्षेवाचून श्रद्धा ठेवावी, असे आयुर्वेद सांगत नाही. म्हणूनच 'नैसर्गिक' वा 'स्वदेशी' अशी चिठ्ठी लावलेल्या वस्तूलाही हाच निकष लावणे हे स्वदेशीच्या कार्यकर्त्याचे कर्तव्य ठरते. कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना भारतात १९५४च्या कायद्याने बंदी आहे, हेही ध्यानी असावे.

सर्वांत मोठी हानी पैशाची नसते, वेळेची असते. शस्त्रक्रियेने बरी होऊ शकणारी गाठ महिनोन्‌महिने बियांच्या भरवशावर वाढत राहते आणि रुग्णालयाची पायरी चढेपर्यंत उशीर झालेला असतो.

तेव्हा रुग्णाच्या घरी जाताना उपाय नेऊ नये, आधार न्यावा. रुग्णालयात रात्री सोबतीला थांबावे, डबा पोहोचवावा, रक्तदात्यांची सोय करावी. आणि घरात काही 'जीवनसत्त्व' आणलेले दिसलेच, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ते दाखवावे, एवढा आग्रह मात्र अवश्य धरावा. सेवेचे खरे स्वरूप हेच आहे.