झडीच्या पावसातला तंबू

पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर तंबूला आधी वारा गाठतो आणि पाऊस त्या वाऱ्यावर स्वार होऊन आडवा येतो. नैर्ऋत्येचे वारे कोकणपट्टी ओलांडून थेट कड्यांवर आदळतात, कडा धरून वर चढतात आणि खिंडीतून सुटताना आणखी जोर धरतात. नाणेघाटात धबधब्याचे पाणी खाली पडायचे सोडून उलटे वर उडते ते याच जोराने. साताऱ्याकडे चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारांवर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या, त्याही उगाच नव्हेत. अशा जागी डोक्यावर सरळ पडणारा पाऊस थोडा आणि बाजूने, प्रसंगी खालूनही येणारी झड जास्त. तंबूच्या पिशवीवर जलरोधाचा जो आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, तो या झडीबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही.

गडावर रात्र काढायला तंबू लागतो, ही कल्पना महाराष्ट्रात तशी अलीकडची. हरिश्चंद्रगडाची लेणी, रतनगडाची गुहा, राजगडावरचे पद्मावतीचे देऊळ, सुधागडावरचा पंतसचिवांचा वाडा यांनी डोंगरभटक्यांच्या कैक पिढ्या कोरड्या ठेवल्या. आता पावसाळी शनिवारी कसारा लोकलमध्ये शिरतानाच गुहेत जागा मिळणार नाही याची खात्री पटते. शिवाय अनेक गडांवर आणि अभयारण्यांत मुक्कामावर निर्बंध आहेत. त्यांची चौकशी तंबू घेण्याआधी करायची असते. मुलुंडच्या चक्रम हायकर्सच्या ‘सह्यांकन’सारख्या मोहिमांत तंबूतले मुक्काम असतात खरे, पण ते हिवाळ्यातले. हिवाळी मुक्कामात चोख वाटलेला तंबू जुलैत टिकेलच असे नाही.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० किलोमीटरचा वारा समोरच्या एका चौरस मीटरवर सुमारे १२ किलोचा भार टाकतो. वेग ७० वर गेला की हाच भार जवळपास दुप्पट होतो. दोघांच्या तंबूची आडवी बाजू दोन चौरस मीटर धरली, तर एका झोतात चाळीसहून अधिक किलोंचा धक्का बसतो, आणि तो सलग नसतो, मिनिटागणिक येतो-जातो. म्हणून वाऱ्यासाठीच्या तंबूचे पहिले लक्षण म्हणजे बुटकेपणा. आत ताठ उभे राहता येणारा तंबू माथेरानच्या झाडीत ठीक, कळसूबाईच्या धारेवर नाही.

आकारांत मुख्य निवड तिघांत आहे. एकमेकांना छेदणाऱ्या काठ्यांचा घुमटाकार तंबू कोणत्याही दिशेचा वारा बऱ्यापैकी झेलतो. काठ्या दोनाऐवजी तीन असल्या आणि जास्त ठिकाणी छेदत असल्या, तर अधिकच चांगला. कमानींच्या रांगेवर ताणलेला बोगद्यासारखा तंबू त्याच वजनात जास्त जागा देतो आणि निमुळती बाजू वाऱ्याकडे केली की भक्कम राहतो, मात्र आडव्या वाऱ्यात लोळतो. मोसमी वाऱ्याची दिशा महिनोन्‌महिने ठरलेली असल्यामुळे हा दोष इथल्या उघड्या पठारावर फारसा जाणवू नये. पण कड्याच्या काठापासून थोडे मागे आले की वर उसळलेला वारा भोवरे करीत खाली येतो आणि दिशा क्षणाक्षणाला बदलते. मुक्कामाच्या बहुतेक जागा अशाच असल्याने घुमटाच्या बाजूने कौल द्यावा लागतो. तिसरा प्रकार चालण्याच्या काठीवर उभारायच्या शंकूसारख्या तंबूचा. एकट्यासाठी तो किलोच्या आत मिळतो, पण त्याचा सगळा जीव मेखांत असतो. एक मेख उपटली की छप्पर अंगावर.

मेखांचा प्रश्न सह्याद्रीत जरा वेगळा आहे. काळ्या कातळावर मातीचा थर अनेक ठिकाणी वीतभरही नसतो, आणि जिथे असतो तिथे पावसाने तिचा चिखल झालेला असतो. तंबूबरोबर येणाऱ्या बारीक तारेच्या मेखा कातळावर वाकतात आणि चिखलातून लोण्यासारख्या निघतात. इंग्रजी व्ही किंवा वाय अक्षराच्या छेदाच्या रुंद ॲल्युमिनियमच्या मेखा चिखलात धरतात. कातळावर मात्र दगडाला पर्याय नाही. दोरीचा लांब फास लहान दगडाभोवती घालायचा आणि त्याच्या पुढे, तंबूच्या बाजूला, मोठा दगड ठेवायचा. दोरी ताणली गेली की लहान दगड मोठ्याला अडतो आणि दोरी मोठ्या दगडावर घासून तुटत नाही. यासाठी जादा तीन-चार मीटर दोरी लागते, तिचे वजन नगण्य. दगड मोकळे पडलेले घ्यावेत. तटाचे किंवा चौथऱ्याचे दगड काढणे हा गडाचा नाश आहे. बाजूंच्या ताणदोऱ्यांना जागाच नसलेला तंबू कितीही हलका असला, तरी या कामाचा नाही. जूनमध्ये मुंबईच्या चाळींवर निळी ताडपत्री चढते, तेव्हा दोऱ्या कमी पडलेली ताडपत्री रात्रभर फडफडते आणि महिन्याभरात चिरते. तंबूच्या कापडाचीही हीच गत होते.

काठ्या ॲल्युमिनियमच्याच हव्यात. स्वस्त तंबूंतल्या फायबरग्लासच्या काठ्या जड असतात आणि वाकण्याऐवजी उभ्या चिरतात. मग त्यांचे टोकदार तंतू कापड फाडतात. काठी मोडलीच तर वर सरकवायची बोटभर लांबीची नळी सोबत असावी. काठ्या कशाच्याही असल्या, तरी जूनच्या सुरुवातीच्या आणि परतीच्या पावसात गडगडाट असताना उघड्या माथ्यावर कोणताही तंबू विजेपासून वाचवत नाही.

आता पाणी. बाजारातल्या बऱ्याच तंबूंत आधी इनर, म्हणजे आतला तंबू, उभा करून मग आउटर, म्हणजे वरचे जलरोधक आवरण, चढवावा लागतो. झडीत या दोन-तीन मिनिटांत इनरची पार वाट लागते आणि पुढची रात्र ओल्या तळावर जाते. आउटर आधी किंवा दोन्ही एकदम उभे राहणारी रचना ही पावसाळ्यासाठी जवळजवळ अट मानावी. आउटरची कड जमिनीपासून चार बोटांवर असावी. जास्त उचललेली असेल तर आपटून उडालेले थेंब आत येतात. सगळा इनर जाळीचा असला की वाऱ्याबरोबर तुषारही गाळून आत येतात, म्हणून निम्म्या उंचीपर्यंत कापड आणि वर जाळी असलेला इनर बरा.

जलरोधाचा आकडा म्हणजे कापड गळू लागेपर्यंत त्यावर उभा राहणारा पाण्याचा स्तंभ, मिलिमीटरांत. वरच्या कापडाला १,५०० ते २,००० पुरतात. तळाचे गणित निराळे. सत्तर किलोचा माणूस गुडघ्यांवर बसला आणि प्रत्येक गुडघ्याखाली सत्तर चौरस सेंटिमीटर जागा धरली, तर दाब पाच मीटर पाण्याइतका होतो. म्हणजे ३,००० मिलिमीटरचा तळही गुडघ्याखाली पाझरणारच. खाली प्लॅस्टिक अंथरणे हा सोपा उपाय, पण ते तळापेक्षा चारी बाजूंनी थोडे आत कापलेले हवे. बाहेर डोकावणारे प्लॅस्टिक पाणी गोळा करून तंबूखाली नेते.

कापडातल्या धाग्याच्या जाडीसाठी डिनियर हे माप आहे: ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. हलक्या तंबूंत १५ ते २० डिनियरचे नायलॉन किंवा पॉलिस्टर असते. सिलिकॉन चढवलेले नायलॉन फाटायला चिवट, पण भिजले की सैलावते. संध्याकाळी ताठ केलेला तंबू मध्यरात्री पोट काढतो आणि कोणाला तरी बाहेर पडून दोऱ्या ताणाव्या लागतात. पॉलिस्टर जवळजवळ सैल पडत नाही, चिवटपणात थोडे कमी. सततच्या पावसात पॉलिस्टरचा हा गुण मोलाचा. डायनीमाचे कापड न पाणी पिते न सैलावते, पण त्याची किंमत वर्षातून चार रात्रींसाठी पटण्यासारखी नाही.

आतली ओल नेहमी गळतीची नसते. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रीत पाव ते अर्धा लिटर पाणी हवेत जाते, आणि जुलैत बाहेरची हवा आधीच पाण्याने भरलेली असते. एकेरी कापडाच्या तंबूत ते थेट पाठीवर ठिबकते. दुहेरी भिंतीचा तंबू तीनचारशे ग्रॅम जड असतो, आणि इथे ते वजन पत्करण्यातच शहाणपण आहे. वाऱ्याच्या आडबाजूची वरची झरोक्याची फट मिटू नये.

एकूण हिशेब असा: दोघांसाठी दुहेरी भिंतीचा, बुटका, आउटर आधी उभा राहणारा तंबू दोन किलोच्या आसपास मिळतो आणि दोघांत वाटला की माणशी एक किलो होतो. वजन वाचवायचे तर जादा पिशव्या आणि जड वेष्टने काढावीत. मेखा आणि दोऱ्या यांतून वाचलेले शंभर ग्रॅम महागात पडतात.

शिवण आणि साठवण हे शेवटचे दोन मुद्दे दुकानात कोणी सांगत नाही. दोन्ही बाजूंना सिलिकॉन असलेल्या कापडावर शिवणीची पट्टी चिकटत नाही. तिथे सिलिकॉनचा पातळ लेप ब्रशने स्वतः द्यावा लागतो आणि तो सुकायला कोरडा दिवस लागतो, म्हणून हे काम मे महिन्यातच उरकावे. पॉलियुरेथेनचा लेप असलेले कापड दमटपणाने कुजते: आधी चिकट होते, आंबूस वास मारते, मग लेप पापुद्र्यांनी सुटतो. पवईसारख्या तलावाकाठच्या वस्तीत, बंद कपाटात घट्ट गुंडाळून ठेवलेला तंबू दोन-तीन पावसाळ्यांतच या अवस्थेला येऊ शकतो. गडावरून आल्याच्या रात्रीच तो बैठकीच्या खोलीत पंख्याखाली पसरावा, आतला चिखल साध्या पाण्याने पुसावा, आणि पूर्ण सुकल्यावर सुती पिशवीत सैल भरून पंख्याचा वारा पोहोचेल अशा उंच जागी ठेवावा.