शिखरे, सरोवरे आणि सरहद्द

दोन देशांच्या मध्ये डोंगर असला तर त्यांची सरहद्द कोठून आखावी, असा प्रश्न केला तर आपल्यापैकी बहुतेक जण क्षणाचाही विचार न करता उत्तर देतील की, डोंगरमाथ्यावरून आखावी. अलीकडचे पाणी अलीकडच्यांचे, पलीकडचे पाणी पलीकडच्यांचे. आपल्या डोळ्यांपुढे सह्याद्री असतो. महाबळेश्वरच्या एकाच पठारावर उगम पावलेली सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते आणि कृष्णा पूर्वेकडे वळून बंगालच्या उपसागराची वाट धरते, हे आपण शाळेतच शिकलेलो असतो. डोंगराचा माथा तोच पाण्याचा माथा, ही आपली समजूत त्यामुळे दृढ झालेली असते.

दक्षिण अमेरिकेतील चिली आणि अर्जेंटिना या दोन राष्ट्रांचीही अशीच समजूत होती. १८८१ साली त्यांनी तह केला आणि ठरवले की, अँडीज पर्वताच्या ज्या सर्वोच्च शिखरांमुळे पाणी दुभागते, त्या शिखरांवरून आपली सरहद्द जाईल. वाक्य वाचायला सरळ आहे. परंतु या एका वाक्याच्या अर्थावरून पुढील वीस वर्षांत दोन्ही देशांनी शस्त्रास्त्रे जमवली, युद्धनौका विकत घेतल्या, आणि युद्धाचे ढग त्या पर्वतावर जमू लागले. माझी उमेद शासकीय नोकरीत गेली. शेताच्या बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या चालणारे तंटे मी कागदोपत्री पाहिलेले आहेत. म्हणून या प्रदेशातून आठ-दहा दिवस स्वतः मोटार हाकत हिंडण्याचा योग आला, तेव्हा तेथील सरोवरे आणि ज्वालामुखी पाहताना मी हा मोठा बांधही पाहत होतो.

आमचा मार्ग वर्तुळाकार होता. चिलीतील तेमुको शहरी मोटार भाड्याने घ्यायची, पूर्वेकडे अँडीज ओलांडून अर्जेंटिनात उतरायचे, दक्षिणेकडे सरोवरांच्या काठाने जायचे आणि दुसऱ्या खिंडीतून पुन्हा चिलीत यायचे. आपल्याकडे जानेवारीत थंडी असते, तेव्हा तिकडे भर उन्हाळा. रस्ते उत्तम; मात्र वाहने उजव्या बाजूने चालतात, आणि आपल्या हाताला लागलेले वळण मोडायला पहिले दोन दिवस जातात. भाड्याची मोटार देशाबाहेर न्यायची तर तशी लेखी, प्रमाणित परवानगी आगाऊ घ्यावी लागते, आणि पलीकडच्या देशात चालेल असा विमाही लागतो. हे कागद नसतील तर सीमेवरून परत फिरावे लागते.

पहिला मुक्काम पुकॉन या गावी. समोर व्हियारिका सरोवर आणि मागे त्याच नावाचा ज्वालामुखी. उंची सुमारे २,८५० मीटर. अंगावर बर्फाची शाल आणि माथ्यातून निघणारी धुराची बारीक रेघ. मूळचे मापुचे लोक या पर्वताला जे नाव देतात, त्याचा अर्थ होतो ‘आत्म्याचे घर’. ३ मार्च २०१५ च्या पहाटे या घरातून लाव्हाचे कारंजे उसळले आणि हजारो माणसांना रात्रीतून हलवावे लागले. गावात चौकातल्या वाहतूकदिव्यासारखा एक दिवा आहे. तो रहदारीसाठी नसून ज्वालामुखीची प्रकृती सांगण्यासाठी आहे. हिरवा असला की माणसे निश्चिंतपणे बाजारहाट करतात. आपला दख्खनचा काळा कातळही असाच एकेकाळी तप्त रसरूपाने वाहिलेला आहे. पण त्याला सुमारे साडेसहा कोटी वर्षे लोटली. आपण विझलेल्या चुलीवर राहतो, आणि ते लोक पेटत्या चुलीशेजारी. याचे कारण पायाखाली आहे. पॅसिफिक महासागराचा तळ तेथे हळूहळू खंडाच्या खाली सरकत असतो. २२ मे १९६० रोजी याच किनाऱ्यावर ९.५ प्रतीचा भूकंप झाला. यंत्रांनी नोंदलेल्या भूकंपांत त्याहून मोठा दुसरा नाही. त्यानंतर दोन दिवसांच्या आत जवळच्या कोर्दोन काउये या ज्वालामुखीचा उद्रेक झाला.

पुकॉनहून सुमारे पाऊणशे किलोमीटर चढत गेले की मामुइल मलालची खिंड येते. वाटेत पेवेन वृक्षांची राने लागतात. सरळसोट खोड आणि वर छत्रीसारखा पसरलेला काटेरी माथा. याच्या बिया भाजून, दळून खाणारा मापुचेंपैकी एक समाज त्या झाडावरूनच पेवेनचे म्हणून ओळखला जातो. खिंडीवर लानीन नावाचा ज्वालामुखी उभा आहे, उंची सुमारे पावणेचार हजार मीटर. सरहद्द त्याच्या अंगावरूनच गेली आहे. येथे तहातील वाक्य अगदी बरोबर लागू पडते: शिखर सर्वोच्च, आणि पाणीही दोहीकडे जाते. सगळा अँडीज असा असता तर भांडण झालेच नसते.

परंतु खिंड उतरून आम्ही सान मार्तीन या गावी आलो आणि घोटाळा कोठे आहे ते डोळ्यांना दिसले. हे गाव लाकार सरोवराच्या पूर्व टोकाशी आहे. आपण अर्जेंटिनात पुष्कळ आत आलेलो असतो, उंच शिखरे मागे पश्चिमेला राहिलेली असतात. अशा वेळी सरोवराचे पाणी पुढे पूर्वेकडे, अटलांटिक महासागराकडे जावे की नाही? पण ते जाते उलट्या दिशेने. उआ उम नदीच्या रूपाने ते पर्वतरांगा भेदून चिलीत उतरते आणि पॅसिफिकला मिळते.

असे का व्हावे? हिमयुगात येथे प्रचंड हिमनद्या होत्या. त्यांनी पर्वतातून दऱ्या खोल कोरल्या आणि कोरून काढलेला दगडगोटा पूर्वेकडच्या मैदानाच्या तोंडाशी आणून टाकला. बर्फ वितळले, दऱ्यांची सरोवरे झाली, आणि पूर्वेला तो दगडमातीचा बांध आडवा राहिला. कित्येक ठिकाणी पाण्याला पुढे वाट उरली नाही. ते मागे फिरले आणि पर्वतातल्या फटींतून पश्चिमेला निघून गेले. म्हणजे पर्वताचा माथा एकीकडे आणि पाण्याचा माथा दुसरीकडे! चिली म्हणे, तहात पाणी दुभागण्याची गोष्ट आहे, सबब सरहद्द पूर्वेला मैदानापर्यंत आली पाहिजे. अर्जेंटिना म्हणे, तहात सर्वोच्च शिखरांची गोष्ट आहे, सबब सरहद्द पश्चिमेलाच राहील. दोघेही त्याच वाक्यावर बोट ठेवत होते, आणि दोघेही खोटे बोलत नव्हते. वाक्य लिहिणाऱ्यांनी ती भूमी पायांखाली घातलेली नव्हती, एवढेच.

अर्जेंटिनाचा पक्ष मांडणारे फ्रान्सिस्को मोरेनो हे मोठे संशोधक. पाण्याची वाट हा किती लहरी पुरावा आहे, हे त्यांनी १८९८ साली एका युक्तीने दाखवून दिले. दक्षिणेकडे फेनिक्स नावाची लहान नदी पॅसिफिकच्या बाजूला वाहत होती. मोरेनोंनी काही माणसे हाताशी घेतली, थोडक्या दिवसांत फावड्यांनी चर खणला, आणि तिचे पाणी तिच्या जुन्या पात्राने अटलांटिककडे वळवले. फावड्याने वळणारे पाणी राष्ट्राची सरहद्द कशी ठरवणार? आपल्याकडे कोयनेचे पाणी जन्मतः पूर्वेकडे जाणारे; आज त्याचा मोठा वाटा वीज निर्माण करून पश्चिमेला वाशिष्ठीत उतरतो. तेवढ्यावरून काही कोकणची हद्द पाटणपर्यंत येत नाही.

सान मार्तीनहून दक्षिणेकडे निघालेला सुमारे एकशे दहा किलोमीटरचा रस्ता ‘सात सरोवरांचा रस्ता’ म्हणून प्रसिद्ध आहे. गर्द अरण्य, आणि प्रत्येक वळणावर निराळ्या निळाईचे पाणी. या रस्त्याच्या आरंभीच एक ओढा आहे. त्याच्या नावाचा अर्थ ‘दुभंगलेला ओढा’. तो खरोखरच दुभंगतो. एक धार लाकार सरोवराला मिळून पॅसिफिककडे जाते, दुसरी अटलांटिककडे. मोटार थांबवून मी त्या पाण्याकडे बराच वेळ पाहत राहिलो. तहातील वाक्याचे कोडे त्या हातभर पाण्यात स्वच्छ दिसत होते.

हा तंटा शेवटी लवादाकडे गेला. लवाद ब्रिटनच्या राजाचा. परंतु प्रत्यक्ष जागेवर गेले ते सर टॉमस होल्डिच. हे नाव आपल्याला परके नाही. यांचे आयुष्य हिंदुस्थानच्या सर्वेक्षण खात्यात गेले होते. वायव्य सरहद्दीची मोजणी आणि १८९५ सालचे पामीर सीमा कमिशन यांतून तावून निघालेला हा मोजणीदार १९०२ साली अँडीजच्या दऱ्याखोऱ्यांतून हिंडला. दक्षिणेकडील एका खोऱ्यात वेल्समधून आलेले वसाहतवाले शेती करीत होते. ३० एप्रिल १९०२ रोजी त्यांना एकत्र जमवून, तुम्हांला कोणाच्या राज्यात राहायचे आहे, असे विचारले गेले. ते अर्जेंटिनाच्या बाजूने बोलले. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला निवाडा झाला. त्यात शिखरांचाही पूर्ण विजय झाला नाही आणि पाण्याचाही नाही. सुमारे ५४ हजार चौरस किलोमीटर प्रदेश चिलीकडे गेला, सुमारे ४० हजार अर्जेंटिनाकडे. लाकारसारखी सरोवरे आणि पूर्वेकडची कसदार खोरी अर्जेंटिनाकडे राहिली. पुढच्या वर्षी होल्डिच यांच्याच देखरेखीखाली सीमेचे खांब रोवले गेले. मोरेनोंना सरकारने कामगिरीबद्दल जमीन दिली होती. तीतील काही भाग त्यांनी १९०३ मध्ये सार्वजनिक उद्यानासाठी राष्ट्राला परत केला. १९३४ साली त्याचे रीतसर राष्ट्रीय उद्यान झाले, आणि नावेल उआपी सरोवराभोवतीचे ते अरण्य आज उभे आहे.

येथे एक गोष्ट नमूद केल्यावाचून पुढे जाता येत नाही. वेल्सहून आलेल्यांचे मत विचारले गेले; परंतु या पर्वताच्या दोन्ही अंगांना पिढ्यान्‌पिढ्या नांदणारे मापुचे लोक ना तहात पक्षकार होते, ना लवादात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन्ही राष्ट्रांच्या सैन्यांनी त्यांचे प्रदेश आधीच जिंकून घेतले होते. त्यांच्या आजच्या वंशजांपैकी काही चिलीचे नागरिक आहेत, काही अर्जेंटिनाचे. सरोवरांना आणि शिखरांना नावे मात्र त्यांचीच राहिली.

परतीची खिंड कार्दिनाल सामोरे या नावाची. एका इटालियन धर्मगुरूचे नाव या रानात कसे आले, याचीही एक कथा आहे. अगदी दक्षिणेकडे बीगल सामुद्रधुनीतील बेटांचा वाद १९७७ मध्ये पुन्हा लवादाने निकालात काढला. पण या खेपेस अर्जेंटिनाने तो निवाडा झुगारून दिला, आणि डिसेंबर १९७८ मध्ये दोन्ही सैन्ये एकमेकांसमोर उभी ठाकली. तेव्हा पोपमहाशयांनी कार्दिनल अँतोनिओ सामोरे यांना मध्यस्थ म्हणून धाडले. त्यांनी वर्षानुवर्षे उभय पक्षांशी बोलणी केली. १९८३ साली ते निवर्तले. शांततेचा आणि मैत्रीचा तह झाला तो २९ नोव्हेंबर १९८४ रोजी. तो तह पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. खिंडीला त्यांचे नाव मिळाले.

या खिंडीत अर्जेंटिनाची चौकी आणि चिलीची चौकी यांच्यात सुमारे चाळीस किलोमीटरचे अंतर आहे. एका देशाने निरोप दिलेला असतो, दुसऱ्याने अद्याप स्वागत केलेले नसते, आणि मध्ये केवळ अरण्य. रस्त्याच्या कडेला अजून करड्या राखेचे थर दिसतात. ४ जून २०११ रोजी चिलीच्या हद्दीतील कोर्दोन काउये पुन्हा जागा झाला. वारा पश्चिमेचा, राख पडली ती पूर्वेला, अर्जेंटिनाच्या गावांवर. छपरे, कुरणे, मेंढ्यांचे कळप सगळे राखेखाली आले. नावेल उआपीच्या पाण्यावर तरंगत्या दगडांचा थर साचला. बारिलोचेचा विमानतळ कित्येक महिने बंद राहिला. राखेने पारपत्र दाखवले नाही.

उलट चिलीच्या चौकीवर आमची तपासणी कसून झाली, ती फळांसाठी! ताजी फळे, बी-बियाणे, मध, कच्चे मांस यांपैकी काहीही आत नेता येत नाही. जवळ काही असेल तर आधी लिहून द्यायचे. लपवले तर दंड. फळमाशी आणि जनावरांचे लाळखुरकुत यांना अँडीजच्या पलीकडे रोखून धरण्यासाठी हा बंदोबस्त आहे. आमच्यापुढच्या कुटुंबाने सफरचंदांची पिशवी निमूटपणे काढून दिली आणि अधिकाऱ्यानेही ती नम्रपणे घेतली. ज्या सरहद्दीवर एकेकाळी सैन्ये उभी राहायची होती, तेथे आज एक कृषी अधिकारी सफरचंदे मोजतो आहे. माझ्यासारख्या नोकरदाराला याहून समाधानकारक दृश्य कोणते असणार?

पुढे ओसोर्नो ज्वालामुखीचे शुभ्र शिखर यांकिहुए सरोवरात पडलेले आपले प्रतिबिंब पाहत असते. तेथून पुन्हा उत्तरेला वळून आमचे वर्तुळ पुरे झाले.

श्रोतेहो, सरहद्द निसर्गाने आखून ठेवलेली असते, ती फक्त शोधून काढायची, असे आपण समजतो. अँडीजमधील शिखरे आणि पाणी यांची साक्ष तशी नाही. निसर्ग पुरावे देतो, आणि तेही परस्परविरोधी. सरहद्द ठरते ती माणसांच्या कराराने, आणि टिकते ती त्या जमिनीवर चालून, मोजून, दोघांचेही ऐकून घेण्याने. १९०२ चा निवाडा अपुरा असला तरी टिकला. १९७७ चा टिकला नाही, तेव्हा सहा वर्षे बोलणी करण्याचा धीर उपयोगी पडला. बांध दोन हातांचा असो की पाच हजार किलोमीटरांचा, दोहीकडच्या शेजाऱ्यांना पुन्हा उद्याही एकमेकांचे तोंड पाहायचे असते. हे ध्यानात ठेवून लिहिलेला कागदच पुढे कामाला येतो.