तारेच्या दोन्ही टोंकांचीं माणसें



टेलिफोनची तार ही निरुपद्रवी वस्तु आहे, असा आपल्याकडील सुशिक्षित घरांतून सर्वसाधारण समज आहे. विजेच्या प्लगाकडे मूल रांगत गेलें तर आई हातांतलें काम टाकून धांवते. तेंच मूल टेलिफोनच्या तारेशीं खेळत बसलें तर कोणी फारसें लक्ष देत नाहीं. हा समज खोटा आहे असें मी म्हणत नाहीं. परंतु तो खरा ठरावा यासाठीं पडद्याआड पुष्कळ परिश्रम घेण्यांत आलेले आहेत. ते कोणते, आणि कोणासाठीं, हें आजच्या भाषणांत सांगावयाचें योजिलें आहे.

प्रथम तारेंत काय असतें तें पाहूं. तांब्याच्या टेलिफोन-तारेवर केंद्राकडून सुमारें ४८ व्होल्टांचा एकदिश दाब सदैव ठेवलेला असतो. घंटी वाजूं लागली कीं त्याच तारेवर सुमारें ७५ ते ९० व्होल्टांचा उलटसुलट दाब येतो, आणि तो सेकंदाला २० ते २५ आवर्तनें करतो. आपल्या घरांतील विजेचा दाब २३० व्होल्ट. म्हणजे टेलिफोनची तार ही विजेच्या तारेची धाकटी बहीण. स्वभावानें शांत, पण अगदींच दुबळी नव्हे. शिवाय ती उघड्यावरून लांबचा प्रवास करून घरांत येते. वाटेंत जवळपास आभाळांतली वीज कोसळली, तर तिचा धक्का हीच तार आपल्या दारापर्यंत आणून पोंचविते.

दाब हा धमकावणारा असतो. इजा करतो तो प्रवाह. अर्धा मिलिअँपिअर प्रवाह शरीरांतून गेला तर तो जेमतेम जाणवतो. दहाच्या सुमारास स्नायु आखडतात व धरलेली वस्तु सोडवत नाहीं. त्याच्या तीन-चारपट प्रवाह कांहीं क्षण छातींतून गेला तर हृदयाची लय बिघडून प्राणावर बेततें. जीव आणि मृत्यु यांच्यामधील अंतर इतक्या बारीक मापांनीं मोजावें लागतें, म्हणूनच या विषयांत अदमासानें काम भागत नाहीं, नियम लागतात.

हे नियम ठरविण्याचें काम आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोग करतो. त्याची स्थापना १९०६ सालीं लंडन येथें झाली. अटलांटिक महासागराखालील तारेच्या कामांत ज्यांचा मोठा वांटा होता, ते लॉर्ड केल्व्हिन त्याचे पहिले अध्यक्ष. या आयोगाच्या ६०९५० क्रमांकाच्या मानकानें दूरसंचार-यंत्रांतील मंडलांची जी वांटणी केली, ती आपल्या जुन्या वाड्याच्या रचनेवरून चांगली समजते.

वाड्यांत चूल असते. तेथें विस्तव, म्हणून लहान मुलांना मज्जाव. तें झालें विजेच्या मुख्य तारेशीं जोडलेलें मंडल. माजघरांत मुलांनीं खुशाल वावरावें. तें अल्पदाबाचें सुरक्षित मंडल. यंत्र सुस्थितींत असतां येथील एकदिश दाब ६० व्होल्टांहून, किंवा उलटसुलट दाबाचें शिखर ४२.४ व्होल्टांहून, वर जातां कामा नये. एवढेंच नव्हे, तर यंत्रांतील कोणताहि एक भाग बिघडला तरी माजघर सुरक्षितच राहिलें पाहिजे. एका दोषानें माणूस दगावूं नये, हें या सर्व शास्त्राचें मूळ सूत्र आहे.

तिसरी जागा ओसरी. बाहेरचा माणूस येथपर्यंत येतो. आंत येत नाहीं. टेलिफोनची तार जेथें यंत्राला मिळते तें मंडल म्हणजे ही ओसरी. येथें घंटीचा दाब चालतो. मात्र त्याच्या धातूला बोट सहज पोंचूं नये अशी खोबण करावी लागते. ओसरीचेहि तीन प्रकार मानले आहेत, आणि ते दोन प्रश्नांवरून ठरतात. रोजचा दाब माजघराच्या मर्यादेपलीकडे जातो काय? आणि बाहेरून आकाशांतील विजेचा धक्का येण्याचा संभव आहे काय? पहिल्या प्रकारांत केवळ धक्क्याचा संभव, दुसऱ्यांत केवळ दाब अधिक, आणि तिसऱ्यांत दोन्ही गोष्टी. आपली नेहमींची तांब्याची टेलिफोन-तार तिसऱ्या प्रकारांत मोडते.

या जागांमधील भिंती नुसत्या कागदावर असून चालत नाहींत. त्यांची परीक्षा घेतात. चूल आणि माजघर यांमधील रोधकावर एक मिनिटभर ३००० व्होल्टांचा दाब देतात. कानाला लावावयाच्या रिसीव्हरासारख्या भागांसाठीं तारेच्या बाजूनें २५०० व्होल्टांचे दहा आघात, मिनिटामिनिटाच्या अंतरानें करतात. भिंत टिकली तर यंत्र उत्तीर्ण.

येथपर्यंत आपण स्वतःच्या जिवाचा विचार केला. परंतु मला आज ज्या नियमाकडे आपलें लक्ष विशेषेंकरून वेधावयाचें आहे, तो आपल्यासाठीं नाहीं. यंत्रांतून टेलिफोनच्या तारेंत गळणारा प्रवाह पाव मिलिअँपिअरहून अधिक असूं नये, असा तो नियम आहे. हा कोणासाठीं? खांबावर चढून उघड्या बोटांनीं तारा जोडणाऱ्या लाइनमनसाठीं! तो आपणांस पाहत नाहीं, आपण त्यास ओळखत नाहीं. पण आपल्या टेबलावरील यंत्र आणि त्याचीं बोटें एकाच तारेनें जोडलेलीं असतात.

हा प्रवाह कोठून येतो? कांहीं लॅपटॉपांच्या धातूवरून हात फिरवितांना बारीक झिणझिण्या येतात, त्या पुष्कळांनीं अनुभविल्या असतील. विजेंतील खरखर दाबण्यासाठीं अडॅप्टरांत चूल व माजघर यांना जोडणारें एक लहानसें धारित्र बसविलेलें असतें. त्यांतून हा प्रवाह झिरपतो. तें २.२ नॅनोफॅरडचें असल्यास २३० व्होल्टांच्या विजेचे सुमारें ०.१६ मिलिअँपिअर त्यांतून जातात. म्हणजे मर्यादेच्या आंत, पण फारसें आंत नव्हे. याउलट, अनेक तारा जोडलेल्या कचेरींतील बोर्डाकडे प्रत्येक तारेंतून थोडा थोडा प्रवाह येऊं शकतो. म्हणून तेथें एकट्या तारेचा नव्हे, तर सर्वांच्या बेरजेचा विचार करावा लागतो. थेंबे थेंबे तळें साचें, ही म्हण येथें अक्षरशः खरी आहे.

आतां कल्पना करा. कोणी स्वस्त मिळतो म्हणून बिनखुणेचा अडॅप्टर घरीं आणला. चूल व माजघर यांमध्यें पृष्ठभागावरून सामान्यतः पांच मिलिमीटरांचें अंतर हवें, तें त्यांत दीडच ठेवलेलें आहे. पावसाळ्याच्या दमट हवेंत भिंत कोसळते, आणि २३० व्होल्ट यंत्रांतून थेट तारेंत शिरतात. घरांत कोणाला कांहीं कळत नाहीं. कदाचित् दिवाहि मिणमिणत नाहीं. खांबावरचा माणूस मात्र ४८ व्होल्टांच्या भरंवशावर हात घालतो.

कोणी म्हणतील, आतां तांब्याच्या तारा जाऊन काचतंतु आले. मग ही चिंता कशाला? काचेंतून वीज वाहत नाहीं हें खरें. परंतु काचतंतूच्या शेवटीं आपल्या घरांत जी पेटी बसविलेली असते, ती विजेवरच चालते. आणि तिला जुना टेलिफोन जोडला तर घंटीचा दाब तीच पेटी निर्माण करते. ओसरी नाहींशी झाली नाहीं. ती रस्त्यावरून आपल्या दिवाणखान्यांत आली आहे. म्हणूनच २०१० सालीं निघालेल्या ६२३६८ क्रमांकाच्या नव्या मानकानें विजेच्या उगमांचे वेदनेच्या व इजेच्या भीतीप्रमाणें तीन वर्ग केले, उगम व माणूस यांमध्यें कोणती आडकाठी हवी तें सांगितलें, आणि लाइनमनसाठीं असलेली पाव मिलिअँपिअरची मर्यादा मात्र जशीच्या तशी राखली.

आपल्या देशांत २०१२ सालच्या आदेशानें कांहीं इलेक्ट्रॉनिक वस्तूंची भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी सक्तीची झाली. पुढें त्या यादींत अडॅप्टर व मोबाइल फोनहि आले. दूरसंचार-यंत्रांची विक्रीपूर्व तपासणी २०१७ सालच्या नियमांनीं आवश्यक ठरली. अडॅप्टरावर मानकाची खूण व ‘आर’ या अक्षरानें सुरू होणारा नोंदणी-क्रमांक आहे कीं नाहीं, हें पाहण्यास अर्धें मिनिट लागतें. तीन पायांचा प्लग दोन पायांच्या खोबणींत बळेंच बसवूं नये, आणि गडगडाट सुरू होण्यापूर्वीं यंत्राच्या तारा काढून ठेवाव्या, हें तर घरांतील मुलांनाहि शिकवितां येईल.

शेजाऱ्याच्या अंगणांत आपण आपला केर टाकीत नाहीं, तो कांहीं कायद्याच्या भयानें नव्हे. तारेच्या पलीकडील माणसाच्या बाबतींतहि आपली वागणूक तीच असावी. खरेदीच्या वेळीं पन्नास-शंभर रुपये वाचविण्याचा मोह होईल, तेव्हां पाव मिलिअँपिअरची ती भिंत कोणासाठीं उभी आहे, याचें स्मरण ठेवावें, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.