वाटाड्याचें नांव
(नभोवाणीवरील भाषण)

मी देहूरोडला राहतों. स्टेशनाबाहेर आलें म्हणजे तळेगांवच्या वाटेवर घोराडेश्वराचा डोंगर उभा दिसतो, आणि इंद्रायणीच्या पलीकडे भंडारा. तुकोबाराय एकांतासाठीं या डोंगरांवर जात असत, अशी परंपरा आहे. त्यांची गाथा डोहांत बुडविली गेली तरी ती लोकांच्या मुखीं राहिली होती, असेंहि आमच्याकडे श्रद्धेनें सांगतात. लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आल्यामुळें माझी अशी समजूत झाली होती कीं, कागद गेला तरी आठवण राहते. गेलीं कांहीं वर्षें मी एका चरित्राची सामग्री गोळा करीत आहें, आणि ती समजूत मला बरीच दुरुस्त करून घ्यावी लागली आहे. कागद भिजतो हें खरें. पण मुखहि एक दिवस मिटतें.

ज्यांच्याविषयीं मी सामग्री जमवितों ते गोपाळ नीळकंठ दांडेकर, म्हणजे आपले गोनीदां. ८ जुलै १९१६ रोजीं परतवाड्यास त्यांचा जन्म झाला, आणि आयुष्याचा मोठा काळ त्यांनीं आमच्या शेजारीं, तळेगांव दाभाडे येथें काढला. कादंबरीकार म्हणून त्यांना सारा महाराष्ट्र ओळखतो. 'स्मरणगाथा' या त्यांच्या आत्मकथनास १९७६ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि १९८१ सालीं अकोल्याच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांनीं भूषविलें. त्यांच्या कन्या वीणा देव यांनीं 'आशक मस्त फकीर' या ग्रंथांत त्यांचें जीवन रेखाटलें आहे. मग माझें निराळें काम तें काय? मला हवे आहेत ते दुर्गयात्री गोनीदां, आणि त्यांच्या काळीं सह्याद्रीच्या वाटा तुडविणारी ती पहिली पिढी.

गिर्यारोहण म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें हिमालय येतो. महाराष्ट्रांतले पहिले एव्हरेस्टवीर सुरेंद्र चव्हाण यांनीं मे १९९८ मध्यें तें शिखर गांठलें. त्याच वर्षीं १ जूनला गोनीदां निवर्तले. या दोन घटना एकमेकींच्या इतक्या जवळ याव्या हा योगायोगच. पण मला त्यांत एक अर्थ दिसतो. दोर आणि बर्फाची कुऱ्हाड हातीं येण्यापूर्वीं आपल्या शहरांतील मुलांना डोंगर आपला वाटावा लागतो. शिदोरी बांधून, पहिल्या गाडीनें मळवलीस उतरून, लोहगड-विसापूर पायीं पाहण्याची गोडी ज्यांनीं आपल्या लेखणीनें आणि पायांनीं लावली, त्यांची गणना आद्य गिर्यारोहकांत करावयास मला संकोच वाटत नाहीं.

आतां या सामग्रीविषयीं. प्रथम छायाचित्रें. घरोघर जुने संग्रह असतात. काळ्या जाड पानांवर कोपऱ्यांत खोंचलेलीं चित्रें. पण चित्र पाहतांना एक गोष्ट आपण विसरतों, ती अशी कीं, ज्याच्या हातीं कॅमेरा असतो तो चित्रांत नसतो. २९ मे १९५३ रोजीं एव्हरेस्टच्या माथ्यावर दोघे उभे होते. हिलरींनीं तेनसिंगांचें छायाचित्र घेतलें, आणि हातीं निशाणें फडकवीत उभे असलेले तेनसिंग जगभर पोंचले. हिलरींचें मात्र माथ्यावरचें एकहि छायाचित्र नाहीं. म्हणजे केवळ चित्रांवर भिस्त ठेवणाऱ्या चरित्रकारानें हिलरींना माथ्यावरून खालींच उतरविलें असतें! उलट तेनसिंगांना लिहितां येत नव्हतें; त्यांनीं आपली जीवनकथा तोंडीं सांगितली आणि अमेरिकन लेखक उलमन यांनीं ती १९५५ सालीं ग्रंथरूप केली. चित्र आणि वाणी यांना एकमेकांची गरज आहे ती अशी.

वाणीचीहि परीक्षा करावी लागते. ८ जून १९२४ रोजीं दुपारीं १२ वाजून ५० मिनिटांनीं ढगांचा पडदा क्षणभर फाटला, आणि ओडेल या भूगर्भशास्त्रज्ञास मॅलरी व अर्विन हे एव्हरेस्टच्या धारेवर चढतांना दिसले. त्यानंतर ते दोघे जिवंत दिसले नाहींत. ओडेल हा प्रामाणिक आणि शास्त्राभ्यासी मनुष्य. तरीहि ते धारेवरच्या कोणत्या खडकपायरीवर दिसले, याविषयीं त्याचें सांगणें पुढें डळमळलें. दुसरी पायरी म्हणावी कीं पहिली, एवढाच प्रश्न; पण ते शिखरावर पोंचले असतील काय याचें उत्तर त्यावर बरेंचसें अवलंबून आहे. मॅलरीचा देह १ मे १९९९ रोजीं सांपडला. ज्यांत पुरावा असेल अशी आशा होती तो कॅमेरा त्याच्यापाशीं नव्हता. जेथें ओडेलसारख्यास अडखळावें लागलें, तेथें चाळीस-पन्नास वर्षांपूर्वींची पायपीट आठवणाऱ्या आपल्या आजोबांना दोष काय द्यावा?

उपाय इतकाच कीं, प्रश्न नीट विचारावे. "ते कसे होते हो?" असें विचारलें तर स्तुति मिळते, आठवण मिळत नाहीं. "त्या दिवशीं शिदोरींत काय होतें? पायांत काय होतें? पाणी कोणत्या टाक्याचें प्यालांत?" असें विचारावें, म्हणजे माणूस पुन्हां वाट चालूं लागतो. साल विचारूं नये. मावळांतल्या वृद्धांना सन ठाऊक नसतो, पण पानशेत फुटलें तें त्यांना ठाऊक असतें. तो दिवस १२ जुलै १९६१. कोयनेचा भूकंप ठाऊक असतो. तो ११ डिसेंबर १९६७. आणि १९७२ चा दुष्काळ तर कोणीच विसरलेलें नाहीं. या तीन खुंट्यांवर पुष्कळशा आठवणी बरोबर टांगतां येतात. आणखी एक: दोघा सोबत्यांना एकत्र बसवूं नये. जो मोठ्यानें बोलतो त्याची आठवण दुसऱ्याची होऊन बसते.

चित्रांची निगाहि सांगावयास हवी. मावळच्या पावसांत भिंतींना ओल येते आणि चित्रांवर बुरशी धरते. तीं लोखंडी कपाटाच्या तळाशीं ठेवूं नयेत. पाठीमागें शाईनें लिहूं नये. मऊ पेन्सिलीनें, कडेस, हलक्या हातानें नांव, गांव आणि ऋतु लिहावा. चिकटलेलें चित्र ओढून काढूं नये. मीं एकदां तें केलें, आणि एका गृहस्थांच्या वडिलांचा अर्धा चेहरा पानालाच राहिला. ते कांहीं बोलले नाहींत. पण त्या दिवसापासून मी कोणाचें मूळ चित्र घराबाहेर नेत नाहीं. हल्लीं खिशांतल्या फोननेंहि प्रत चांगली निघते. ती मालकाच्या समोर, खिडकीच्या उजेडांत काढावी.

आतां ज्या प्रसंगामुळें हें भाषण करावेंसें वाटलें, तो सांगतों.

एका परिचितांच्या संग्रहांत लोहगडावरचें एक चित्र मिळालें. मागें कमान होती. पायऱ्यांच्या वळणावरून तो वरचा दरवाजा असावा असें ठरलें. सहा तरुण ओळीनें बसलेले, आणि कडेला, उभा, खांद्यावर सर्वांच्या पडशा घेतलेला एक मनुष्य. पाठीमागें सहा नांवें सुवाच्य अक्षरांत लिहिलेलीं होतीं, आणि शेवटीं "व वाटाड्या". बस्स. त्या सहांचीं बिऱ्हाडें मीं महिनाभरांत शोधलीं. सातव्याला दोन वर्षें लागलीं.

गडाच्या पायथ्याच्या वाडींत एका म्हाताऱ्या बाईनें तें चित्र हातीं घेतलें. तिची दृष्टि अधू झालेली. चेहरा तिला दिसलाच नाहीं. पण तिनें बोट ठेवलें तें त्याच्या घोंगडीच्या गांठीवर. "अशी डाव्या अंगाला गांठ आमचे धनीच मारायचे," ती म्हणाली. नुसत्या गांठीवर विसंबणें बरें नव्हे, म्हणून मीं तिच्या दिराला वेगळें गांठून विचारलें. त्यानेंहि तेंच नांव घेतलें. नवऱ्याचें एकहि चित्र तिच्यापाशीं नव्हतें. गडावर नेलेल्या माणसांनीं तें पाठवितों म्हणून सांगितलें होतें, असें ती म्हणाली, आणि लगेच त्यांची बाजू घेऊन पुढें म्हणाली, "कामाच्या गडबडींत ऱ्हाऊन गेलं असंल त्यांच्या."

श्रोतेहो, मीं मान खालीं घातली. तोंपर्यंतच्या माझ्या टिपणवह्यांत "वाटाड्या", "गुराखी", "गांवकरी" असे शब्द मीं किती वेळां लिहिले होते, तें घरीं येऊन मोजलें. तो आंकडा येथें सांगण्याचें मला धैर्य नाहीं.

येथेंच गोनीदां मला खऱ्या अर्थानें उमगले. 'पवनाकांठचा धोंडी' मध्यें नायक आहे तो तुंगच्या हवालदाराच्या घराण्यांतला. 'माचीवरला बुधा' राजमाचीच्या रानांत राहतो. 'जैत रे जैत' ठाकरांची आहे. डोंगर पाहून शहरांत परतणाऱ्यांपैकीं कित्येकांनीं वाट दाखविणाऱ्याला कडेला उभें केलें. त्यांनीं त्याला मध्यें बसविलें आणि नांव दिलें. त्यांचें चरित्र लिहूं पाहणाऱ्यानें तरी तें नांव गाळूं नये, एवढा धडा मीं घेतला आहे. माझ्या सामग्रींत आतां दोन याद्या असतात. एक चालणाऱ्यांची, दुसरी त्यांना वाट दाखविणाऱ्यांची. दुसरी अजून फार लहान आहे.

आपणांस माझी विनंति आहे. आज रात्रीं जेवणें आटोपल्यावर घरांतला जुना संग्रह काढा. घरांतल्या वडील माणसाला शेजारीं बसवा, आणि चित्राच्या कडेला उभा असलेला तो मनुष्य कोण, असें विचारा. नांव कळलें तर पेन्सिलीनें मागें लिहा. आणि त्याला चित्र पाठवावयाचें राहून गेलें असेल, तर तें आतां तरी पाठवा. त्या वाडींतल्या बाईला मीं प्रत नेऊन दिली, तेव्हां तिनें ती देवघरांत ठेवली नाहीं, दाराशीं लावली. "येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसूं दे," म्हणाली.