स्मरणशक्तीची तपासणी व्हिडिओ कॉलवर

घरातलं वडीलधारं माणूस तासाभरात तोच प्रश्न चौथ्यांदा विचारतं, आयुष्यभर चोख ठेवलेला पेन्शनचा हिशेब चुकू लागतो, रोजच्या फिरण्यात वाट चुकते. आणि आपण "वय झालंय आता" म्हणून विषय सोडून देतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीच्या अंदाजानुसार साठी गाठलेल्या भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. यांतल्या कितीतरी जणांना मेंदूविकारतज्ज्ञाकडे जायचं, तर अख्खा दिवस एसटीत मोडतो. त्यांच्यासाठी व्हिडिओ कॉलवरची तपासणी हा मोठा आधार आहे. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि अशा तपासणीला नियमांची चौकट मिळाली. पण तिचा निष्कर्ष खरा निघायचा, तर निम्मं काम घरच्यांच्या हातात असतं.

या तपासणीत डॉक्टर तारीख, वार, ठिकाण विचारतात. काही शब्द सांगतात आणि थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणायला लावतात. घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगतात. माँट्रियलमध्ये तयार झालेली 'मोका' ही चाचणी जगभर वापरली जाते. ती एकूण ३० गुणांची. फोनवर चित्रं दाखवता येत नाहीत की घड्याळ काढून घेता येत नाही, म्हणून तिचा फोनवरचा प्रकार २२ गुणांचा केला आहे. व्हिडिओवर मात्र कागदावर काढलेलं घड्याळ कॅमेऱ्यासमोर धरता येतं.

गुण वाचताना शिक्षणही पाहावं लागतं. शाळेची पायरी न चढलेल्या आजीला लिहायला सांगितलं, तर हुकतं ते लिखाण, स्मरण नव्हे. म्हणूनच १९९०च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगड भागात, निरक्षर वृद्धांनाही लागू पडेल अशी हिंदी चाचणी मुद्दाम बसवली गेली. आजी किती शिकल्या, घरात कोणती बोली बोलतात, हे डॉक्टरांना आधीच सांगा.

आता कॉलच्या दिवसाचं पाहू. सर्वांत जास्त घोटाळा ऐकण्यात होतो. शब्द नीट कानावर पडलाच नाही, तर तो आठवणार कुठून? श्रवणयंत्र लावलेलं असावं, चष्मा जवळ असावा, टीव्ही बंद आणि उजेड चेहऱ्यावर असावा. मोबाइल हातात न धरता टेकवून ठेवा. शक्य असेल तर मोठा पडदा घ्या. कोरा कागद आणि पेन जवळ ठेवा.

डॉक्टर विचारतात, "आजोबा, आज वार कोणता?" आजोबा क्षणभर थांबतात. त्यांची नजर मोबाइलच्या वर, समोरच्या भिंतीवरच्या कालनिर्णयकडे जाते. तेवढ्यात मागून सूनबाई हळूच म्हणतात, "गुरुवार." आजोबा म्हणतात, "गुरुवार." उत्तर बरोबर, पण तपासणी वाया! डॉक्टरांना ना ती भिंत दिसत, ना ती कुजबुज ऐकू येत. माया म्हणूनच आपण उत्तर पुरवतो, पण त्यामुळे निदान लांबतं. कॅलेंडर उतरवून ठेवा, शेजारी बसा आणि गप्प राहा. इंटरनेटवरून प्रश्न शोधून आधी पाठ करून घेणं, हेही कटाक्षाने टाळा.

तुमचं बोलणं हवं असतं ते वेगळ्या वेळी. पूर्वी सहज जमायचं असं काय आता जमत नाही? औषधं वेळेवर घेतात का? गॅस चालू राहतो का? बदल हळूहळू झाला की एकाएकी? हे त्यांच्यासमोर सांगितलं तर ते दुखावतात, म्हणून डॉक्टरांशी स्वतंत्र बोला. परगावी किंवा परदेशी असलेला मुलगाही या बोलण्यात सामील होऊ शकतो. चालू असलेल्या औषधांच्या सगळ्या पट्ट्या कॅमेऱ्यासमोर धरा. काही झोपेच्या आणि ॲलर्जीच्या गोळ्यांनीही विसर वाढतो.

मात्र कॉलवरचे गुण म्हणजे निदान नव्हे. बी-१२ची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य यांमुळेही विसरायला होतं आणि त्यांवर उपचार आहेत. त्यासाठी रक्ततपासणी हवी. डॉक्टरांनी सांगितलं तर मेंदूचा स्कॅन आणि प्रत्यक्ष भेटही हवी. आणि तास-दोन तासांत किंवा एक-दोन दिवसांत माणूस एकदम असंबद्ध बोलू लागलं, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळे पडले, तर कॉल लावत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

शेवटचं आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं. "सहज डॉक्टरांशी बोलायचंय" अशी थाप मारून आईवडिलांना कॅमेऱ्यासमोर बसवू नका. "तुम्हाला अलीकडे विसरायला होतंय, त्याचं कारण शोधू या," असं सरळ सांगा आणि त्यांचा होकार घ्या. कारण लवकर कळलं, तर बँकेचे व्यवहार, मृत्युपत्र, पुढे कुणाजवळ राहायचं, हे निर्णय ते स्वतः घेऊ शकतात. तो हक्क त्यांचाच आहे. बदल जाणवत असेल, तर याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या.