घराच्या आंत आलेला नाका

सिल्लोडहून अजिंठ्याकडे जाणारी सडक पुढें घाट उतरून खानदेशांत शिरते. आज या वाटेनें जळगांवास जाणाऱ्या प्रवाशास मधें कोणी अडवीत नाहीं, आणि त्याच्या खिशांतला रुपयाही कोठें बदलावा लागत नाहीं. १९४८ पूर्वीं तसें नव्हतें. सिल्लोड तेव्हां मोगलाईंत होतें, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानांत. आणि घाटाखालीं फर्दापूर मागें पडलें कीं थोड्याच अंतरावर ब्रिटिश मुलूख लागे. मोगलाईचा रुपया हाली, पलीकडचा कलदार. सात हाली रुपये मोजावे तेव्हां सहा कलदार हातीं येत. सरहद्दीवरून जाणाऱ्या मालावर करोडगिरीचें खातें शेंकडा पांच या दरानें जकात घेई.

या संस्थानाचें जवळजवळ सर्व कांहीं स्वतःचें होतें. १८६९ पासून स्वतःचीं टपालाचीं तिकिटें होतीं, १९१८ पासून स्वतःच्या कागदी नोटा होत्या, स्वतःची आगगाडी होती आणि १९३५ पासून सरकारी नभोवाणीही होती. १९१८ मध्यें स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानें वैद्यक, स्थापत्य आणि भौतिक शास्त्रें उर्दूंतून शिकविण्याचा उपक्रम केला, व त्यासाठीं भाषांतराचें एक स्वतंत्र खातें चालविलें. एका देशी भाषेनें उच्च शिक्षणाचा सगळा भार उचलावा, ही त्या काळीं लहानसहान गोष्ट नव्हती. कालगणनासुद्धां निराळी होती. इतर जगाचें जें १९४७-४८ साल, तें संस्थानच्या दप्तरांत १३५७ फसली म्हणून लिहिलें जाई.

परंतु मराठवाड्यांतील शेतकऱ्याला किंवा विद्यार्थ्याला यांतलें आपलें असें किती वाटत असेल? बहुतेक प्रजा तेलुगु, मराठी व कानडी बोलणारी. कचेरीचा कारभार आणि वरचें शिक्षण मात्र उर्दूंत. सभा भरवावयाची तर 'गस्ती निशाण ५३' या नांवानें प्रसिद्ध झालेल्या हुकुमाप्रमाणें आधीं परवानगी काढावी लागे. १९३८ मध्यें 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना कॉलेजांतून बाहेर पडावें लागलें. त्यांतल्या कित्येकांनीं नागपूर गांठून आपलें शिक्षण पुरें केलें. स्वतःचें नाणें, स्वतःचें टपाल, स्वतःचें विद्यापीठ, हें सारें खरें. पण या 'स्वतः'मध्यें प्रजेची गणना होते कीं नाहीं, या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस उजाडावा लागला.

हा जुना प्रश्न आज पुन्हां आठवण्याचें कारण दूर कोरियांत आहे, आणि तें एका संगणकाच्या पोटांत दडलेलें आहे.

संगणक हें नुसतें यंत्र. त्याला चालविणारा एक अदृश्य कारभारी त्यांत बसविलेला असतो. त्यास ऑपरेटिंग सिस्टिम किंवा संचालन-प्रणाली म्हणतात. कळ दाबल्यावर अक्षर पडद्यावर कसें उमटावें, लिहिलेलें पत्र कोठें ठेवावें, कोणता कार्यक्रम चालूं द्यावा व कोणता बंद करावा, हें सर्व तो पाहतो. यजमान खुर्चीवर बसलेला असतो, पण किल्ल्यांचा जुडगा या कारभाऱ्याच्या कमरेला असतो. जगांतील बहुतेक घरांत व कचेऱ्यांत हा कारभारी अमेरिकेंतील दोन-चार मोठ्या कंपन्यांकडून येतो. उत्तर कोरियानें मात्र तो आपला आपणच घडविण्याचें ठरविलें. प्योंगयांग येथें १९९० मध्यें स्थापन झालेल्या कोरिया संगणक केंद्रानें ही प्रणाली तयार केली व तिला 'लाल तारा' या अर्थाचें कोरियन नांव दिलें. जगांत ती 'रेड स्टार' म्हणून ओळखली जाते.

आपलें आपण घडविलें असें म्हटलें, तरी पाया परकाच होता. १९९१ मध्यें लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें 'लिनक्स' नांवाच्या प्रणालीचा गाभा लिहून जगापुढें ठेवला. देशोदेशींच्या हजारों जाणकारांनीं त्यांत भर घातली. तिची सारी रचना कोणीही वाचावी, सुधारावी आणि पुढच्यास द्यावी, मात्र देतांना ती झांकून ठेवूं नये, अशी त्या कामाची अट आहे. ज्या राज्यांत माणसाला परवान्यावांचून देशाबाहेर पाऊल टाकतां येत नाहीं, त्या राज्याच्या संगणकाची इमारत अशा मुक्तहस्तें वांटलेल्या श्रमांवर उभी राहिली.

ही प्रणाली बाहेरच्या जगास कळली ती तुकड्यातुकड्यांनीं. प्योंगयांगमध्यें शिकणाऱ्या एका रशियन विद्यार्थ्यानें तिची प्रत विकत घेऊन २०१० मध्यें तिचें वर्णन लिहिलें. पुढें २०१४ च्या अखेरीस तिसऱ्या आवृत्तीची प्रत देशाबाहेर सर्वांस उपलब्ध झाली, आणि डिसेंबर २०१५ मध्यें हॅम्बर्ग येथील एका परिषदेंत फ्लोरियन ग्रुनोव्ह व निकलाउस शीस या दोन जर्मन अभ्यासकांनीं तिचें अंतरंग उलगडून दाखविलें.

वरून पाहणारास ती नीटनेटकी वाटते. तिचा पडदा ॲपल कंपनीच्या संगणकासारखा सजविलेला आहे. पत्रलेखन, हिशोब, चित्रें, संगीत, सर्व सोयी तींत आहेत. वर्षगणनेस किम इल-सुंग यांच्या जन्माचें १९१२ हें साल पहिलें धरणारा 'जुछे' शकही तींत होता. फसली सनांत व्यवहार केलेल्या मुलुखास याचें नवल वाटूं नये. खरी गोष्ट पुढेंच आहे. खिशांत मावणाऱ्या पेन ड्राइव्हवर एखादें पत्र किंवा छायाचित्र घेऊन तो या संगणकाला जोडला, कीं प्रणाली त्या पत्राच्या पोटांत आपल्या यंत्राचा क्रमांक गुप्त लिपींत लिहून ठेवते. यजमानास त्याची दादही नसते. तेंच पत्र दुसऱ्या संगणकावर गेलें, कीं पहिल्या क्रमांकाखालीं दुसरा क्रमांक चढतो, मग तिसरा. परदेशी नाटकाची एक प्रत कोणी कोणास दिली व तेथून ती कोणाकडे गेली, याची वंशावळच त्या प्रतींत तयार होते. शिवाय नको असलेल्या मजकुराच्या खुणांची एक यादी प्रणालीजवळ असते. खूण जुळली कीं तो मजकूर पुसला जातो. आणि एखाद्या जाणत्या माणसानें ही व्यवस्था काढून टाकण्यासाठीं प्रणालीच्या मुख्य भागाला हात लावलाच, तर यंत्र बंद पडून पुन्हां सुरू होतें आणि त्याचें काम चालूं देत नाहीं.

येथें मोगलाईची आठवण पुन्हां उपयोगी पडते. १९३८ मध्यें आ. कृ. वाघमारे यांनीं 'मराठवाडा' हें साप्ताहिक संस्थानाबाहेर, ब्रिटिश मुलुखांत छापून काढण्यास आरंभ केला. निजाम सरकारनें त्यास बंदी केली, कीं तें नवें नांव धारण करून पुन्हां मराठवाड्यांत येई. त्या नांवासही बंदी झाली, कीं आणखी निराळें नांव. हें साधलें याचें कारण नाका हा शेवटीं एका जागीं उभा होता आणि नाक्यावरचा शिपाई माणूस होता. त्याला हुकुमांतलें नांव ठाऊक असे, अंकांतला मजकूर नव्हे. त्याला रात्रीं झोंप येई. आणि नाक्याला वळसा घालणाऱ्या पाऊलवाटा त्याच्यापेक्षां गांवकऱ्यांना अधिक माहीत असत. कोणतीही हुकूमशाही जुन्या काळीं अशा फटींनीं भरलेली असे आणि प्रजेचा श्वास त्या फटींतून चाले.

नव्या नाक्याला त्या फटी नाहींत. तो सरहद्दीवर उभा नसून प्रत्येकाच्या मेजावर आहे, आणि तपासणीची खूण मालाच्या आंतच उमटते. म्हणून नांव बदलून तो चुकवितां येत नाहीं. २०१६ मध्यें याच देशांतील 'वूलिम' नांवाच्या एका टॅब्लेटचा, म्हणजे पाटीएवढ्या संगणकाचा, अभ्यास झाला. त्यांत पायरी आणखी पुढची होती. सरकारची सही असलेला किंवा त्याच पाटीवर तयार झालेला मजकूर, एवढाच तिच्यावर उघडे. शेजाऱ्यानें दिलेलें गाणें तेथें वाजतच नाहीं. शिवाय ती पाटी आपल्या पडद्याचीं चित्रें मधून मधून स्वतःच टिपून ठेवी. यजमानास तीं पाहतां येत, पुसतां येत नसत. आपल्यावर पाहरा आहे हें त्याला कळावें, हाही त्यांतला हेतु असला पाहिजे.

अशा राज्याला स्वतःची प्रणाली हवीशी कां वाटावी, यास एक समंजस कारणही आहे, आणि तें नाकारणें न्यायाचें होणार नाहीं. दुसऱ्याचा कारभारी घरांत ठेवणारास त्याच्या मालकाची भीति असतेच. एडवर्ड स्नोडेन यांनीं २०१३ मध्यें जीं कागदपत्रें उघडकीस आणलीं, त्यांवरून अमेरिकेचें गुप्त खातें मोठ्या कंपन्यांच्या द्वारां किती दूरवर पाहूं शकतें हें जगास दिसलें. क्यूबानें २००९ मध्यें 'नोव्हा' नांवाची प्रणाली काढली, चीननें 'काइलिन' काढली, त्यांमागें हीच धास्ती आहे.

भारतही या वाटेनें गेला आहे. अमेरिकेनें क्रे महासंगणक देण्याचें नाकारल्यावर १९८८ मध्यें पुणें येथें सी-डॅक ही संस्था निघाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ मध्यें तिनें 'परम ८०००' तयार केला. त्याच संस्थेनें २००७ मध्यें लिनक्सवर आधारलेली 'बॉस' ही भारतीय प्रणाली प्रसिद्ध केली. तींत मराठींतही काम करतां येतें. २०२३ मध्यें संरक्षण खात्यानें आपल्या कचेऱ्यांसाठीं 'माया' ही प्रणाली घेतली. बॉस आणि रेड स्टार या दोघींचा पाया एकच, लिनक्स. पण बॉस नको असेल तर भारतांतला गृहस्थ ती काढून दुसरी बसवूं शकतो आणि त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारीत नाहीं. दोन प्रणालींमधलें सर्वांत मोठें अंतर हेंच आहे.

तेव्हां 'स्वदेशी' या एका शब्दावर या बाबतींत निर्धास्त राहतां येत नाहीं, आणि 'खुली' या शब्दावरही नाहीं; कारण लाल ताऱ्याचा पाया खुलाच होता, तो बंद केला गेला तो वरून. कारभारी देशी असो वा परदेशी, सरकारी असो वा एखाद्या कंपनीचा, त्याची पारख तीन प्रश्नांनीं होते. त्याच्या वह्या तज्ज्ञांना उघडून पाहतां येतात काय? घरधन्यानें त्यास जा म्हटलें, तर तो जातो काय? आणि घरांतली कोणती गोष्ट तो न सांगतां टिपून ठेवतो, व ती कोणाच्या हवालीं करतो?

हे प्रश्न प्योंगयांगपुरते नाहींत. सिल्लोडच्या बाजारांत मिरचीचा भाव पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या हातांतल्या फोनमध्येंही असा एक कारभारी बसलेला आहे, आणि तो मुलांच्या अभ्यासाच्या खोलींतही आहे. उत्तर कोरियांतल्या गृहस्थानें हे प्रश्न उघड विचारले तर त्याचा जीव धोक्यांत येतो. येथल्या गृहस्थाला ते दुकानदाराला, कंपनीला, आपल्या सरकारला आणि निवडून दिलेल्या प्रतिनिधीला निर्भयपणें विचारतां येतात. मराठवाड्याच्या एका पिढीनें एवढ्यासाठीं तुरुंग सोसले आणि घरेंदारें सोडलीं. तो हक्क वापरला गेला तरच शाबूत राहील.